शेठ वालचंद हिराचंद आणि आपल्या गणपतीची फार्गो

दरवर्षी या स्मरणिकेत एका दिवंगत थोर व्यक्तीचा जीवनपरिचय द्यायचा, हा आपल्या समाजाचा जुना परिपाठ आहे. संत झाले, समाजसुधारक झाले, पुण्यश्लोक अहिल्यादेवी तर दोनदा झाल्या. यंदा आम्ही एका उद्योजकाचे नाव सुचवले, तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत दोन-चार भुवया उंचावल्या. त्याची हकिगत आधी सांगतो.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला आपली मिरवणूक तापीच्या राजघाटाजवळ अडकून पडली होती. पुढे मोठमोठ्या मंडळांची रांग होती. आपली मूर्ती छोट्या टेम्पोत, आणि आम्ही सगळे त्याच्या फाळक्याला टेकून उभे. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांना जुने दिवस आठवले. पूर्वी आपला गणपती लांब नाकाच्या फार्गो ट्रकवरून जात असे. ट्रकमालक एक दिवस धंदा बंद ठेवून गाडी धुऊन, केळीचे खांब बांधून आणून देत आणि भाड्याचे नाव काढू देत नसत. हे ऐकून शाळेत जाणाऱ्या एका मुलाने फार्गो म्हणजे काय, असे विचारले आणि लगेच फोनमध्ये शोधून अमेरिकन ट्रक असल्याचे जाहीर केले. ज्येष्ठांना ते पटेना. गाडी मुंबईत कुर्ल्याला बनलेली होती आणि ती बनवणारे वालचंदशेठ आपल्या सोलापूरचे होते, असे त्यांचे म्हणणे. त्यावर दुसऱ्या एकांनी शंका काढली, की वालचंद तर गुजराती. मग ते आपले कसे?

मूर्ती विसर्जित झाली, पण प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. गाडी कोणाची आणि माणूस कोणाचा, हे दोन्ही प्रश्न बऱ्हाणपूरच्या मराठी माणसाला परके नाहीत. आपण घरात मराठी, बाजारात हिंदी बोलतो. पुण्या-नाशिकचे पाहुणे आपल्या मराठीत हिंदीचे खडे शोधतात आणि इंदूर-भोपाळकडचे आपल्याला महाराष्ट्रातले समजतात. म्हणून वर्षभर जमेल तसे वाचले, गावातल्या जुन्या वाहतूकदारांकडे जाऊन बसलो, आणि त्यातून हा लेख तयार झाला.

सोलापूरचा मुलगा

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे दिगंबर जैन, आडनाव दोशी. पूर्वज सौराष्ट्रातील वांकानेरकडून व्यापारासाठी महाराष्ट्रात आले आणि येथेच स्थिरावले. घरात गुजराती, दारात मराठी. वडील हिराचंद यांचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय होता. वालचंद तान्हे असतानाच त्यांची आई वारली. शाळा सोलापुरात झाली. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ शिक्षण झाले, पण पदवी हाती न घेताच ते घरच्या पेढीवर परतले.

कापसाची पेढी म्हणजे काय, हे बऱ्हाणपूरकरांना सांगायला नको. तारण, हुंडी, भावाची चढउतार यांत आपल्याकडची कितीतरी घराणी वर आली आणि बुडालीही. वालचंदांचे मन मात्र त्यात रमले नाही. विकत घेतलेली वस्तू चार पैसे जास्त घेऊन विकण्यापेक्षा आधी नसलेली वस्तू उभी करण्याकडे त्यांचा ओढा होता.

ती संधी रेल्वेने दिली. सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वेचे काम चालू होते. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मण बळवंत फाटक हे गृहस्थ नोकरी सोडून ठेकेदारीत पडू पाहत होते. त्यांना कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांच्या घरी भांडवल होते, कामाची माहिती नव्हती. दोघांची भागीदारी जमली आणि फाटक-वालचंद ही ठेकेदार कंपनी उभी राहिली. एक मराठी ब्राह्मण कारकून आणि एक गुजराती जैन सावकारपुत्र अशी ती जोडी होती. रुळाखालची माती कोणाच्या भाषेत टाकली, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नसावा.

पुढच्या वीस वर्षांत लहान ठेक्यांतून मोठे ठेके झाले. मुंबई-पुणे लोहमार्गावर बोरघाटातील बोगद्यांचे काम त्यांनी केले. आज मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली, की मुलांना हे नाव जरूर सांगावे. तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांचे कामही त्यांच्याकडे होते. टाटांबरोबर बांधकाम कंपनी झाली. १९२६ साली स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीही याच परंपरेतली. सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल आणि ब्रह्मदेशातला इरावतीवरचा पूल ही त्यांच्या बांधकाम-व्यवसायाचीच कामे.

शिंद्यांचे जहाज

वालचंदांच्या आयुष्यातले दुसरे वळण आपल्या भागाला जवळचे आहे. बऱ्हाणपूर पेशव्यांकडून शिंद्यांकडे गेले आणि बरीच वर्षे त्यांच्या अमलाखाली होते, हे आपण जाणतोच. त्याच ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या मालकीचे एक जहाज होते. ते मुळात कॅनडाच्या एका कंपनीचे प्रवासी जहाज, नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. पहिल्या महायुद्धात महाराज माधवराव शिंदे यांनी ते घेतले, लॉयल्टी असे नाव दिले आणि जखमी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून वापरायला दिले. युद्ध संपल्यावर ते विक्रीला निघाले. रेल्वेप्रवासात ही बातमी वालचंदांच्या कानावर आली. तोपर्यंत जहाजाच्या धंद्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास या मंडळींना बरोबर घेऊन त्यांनी जहाज खरेदी केले आणि कंपनी काढली. जहाजाच्या मूळ मालकांवरून तिचे नाव पडले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाले, तेव्हा वालचंद स्वतः त्यावर होते. तो दिवस आजही आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

इथवर गोष्ट गोड आहे. पुढची कडू आहे, आणि ती वगळली तर माणूस कळत नाही. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचा आणि परदेशचा जहाजधंदा तेव्हा इंग्रज कंपन्यांच्या मुठीत होता. नवी देशी कंपनी आली, की ते भाडे इतके उतरवत की तिला एकेक फेरी तोट्यात करावी लागे. तिने मान टाकली, की भाडे पुन्हा वर. सिंदियाच्या आधी कितीतरी देशी कंपन्या याच पद्धतीने बुडाल्या होत्या. लॉयल्टीलाही परतीचा माल मिळणे कठीण झाले आणि काही वर्षांतच ते जहाज मोडीत गेले. १९२३ साली सिंदियाला इंग्रज कंपन्यांशी करार करावा लागला. त्यात किनारपट्टीवर थोडी जागा मिळाली, पण दहा वर्षे परदेशच्या मार्गांवर न जाण्याची अटही गळ्यात पडली. वालचंदांना हा करार रुचला नव्हता, तरी कंपनी जिवंत राहिली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या अपघाती निधनानंतर वालचंद अध्यक्ष झाले आणि देशी किनाऱ्यावरची वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, यासाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले.

मधल्या काळात शेतीही झाली. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात कळंब येथील माळरानांवर त्यांनी उसाचे मोठे मळे केले, साखर कारखाने उभारले. कळंबचे पुढे वालचंदनगर झाले. रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटे आपल्यापैकी प्रत्येकाने खाल्ली आहेत. त्यांच्यामागेही हेच नाव होते.

मोटारीचे वेड

आता मुख्य विषयाकडे येतो. १९३० नंतरच्या हिंदुस्थानात मोटारी आणि ट्रक होते, पण एकही येथे बनत नव्हता. फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी मुंबईत जुळणीचे कारखाने घातले होते. सुटे भाग लाकडी पेट्यांत भरून बोटीने यायचे, येथे नट-बोल्ट आवळून गाडी उभी करायची, रंग द्यायचा आणि विकायची. कामगाराला पगार मिळे, पण इंजिनाचा ठोकळा कसा ओततात, गिअरचे दाते कसे कापतात, पोलादाला पाणी कसे देतात, यातले काही त्याला शिकायला मिळत नसे. पेट्या येणे थांबले, की कारखानाही थांबणार.

सर विश्वेश्वरय्यांनी देशात मोटार बनवण्याची योजना तयार केली होती आणि त्यासाठी ते युरोप-अमेरिका फिरून आले होते. वालचंदांनी ती योजना उचलून धरली. १९३७ साली मुंबई प्रांतात आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने सहानुभूती दाखवली, पण दिल्लीच्या इंग्रज सरकारकडून दाद मिळेना. तिकडे वाट पाहत बसण्यापेक्षा वालचंद १९३९ मध्ये स्वतः अमेरिकेला गेले.

डेट्रॉइटमध्ये तीन दरवाजे होते. जनरल मोटर्सला हिंदुस्थानात जुळणीपलीकडे जायचे नव्हते. फोर्डच्या व्यवस्थेत हिंदुस्थानचा बाजार त्यांच्या कॅनडातील कंपनीच्या वाटणीला होता आणि तेथून होकार आला नाही. तिसरी क्रायस्लर. तिने तांत्रिक साहाय्य द्यायचे कबूल केले.

आपल्या फार्गोचे मूळ या क्रायस्लरमध्ये आहे. जॉन आणि होरेस डॉज हे मिशिगन राज्यातले दोघे भाऊ यंत्रकामात अत्यंत वाकबगार. आधी ते इतरांना, विशेषतः फोर्डला, गाड्यांचे भाग बनवून देत. १९१४ साली त्यांनी स्वतःच्या नावाची मोटार काढली. गाडी दणकट म्हणून नावाजली गेली. १९२० या एकाच वर्षात दोघे भाऊ वारले आणि १९२८ मध्ये त्यांची कंपनी वॉल्टर क्रायस्लर यांनी विकत घेतली. त्याच सुमारास क्रायस्लरने फार्गो हे दुसरे नाव ट्रकसाठी काढले. एकच ट्रक डॉजच्या विक्रेत्याकडे डॉज म्हणून, दुसऱ्याकडे फार्गो म्हणून, तिसऱ्याकडे डिसोटो म्हणून विकायचा, ही त्यांची रीत. सांगाडा तोच, इंजिन तेच. फक्त नाकावरची पाटी बदलायची. आपल्याकडेही तेच झाले. डॉज चांगली की फार्गो, यावर गावातल्या चहाच्या टपऱ्यांवर झालेले वाद ज्यांना आठवत असतील, त्यांनी आता निवांत व्हावे. दोघेही बरोबर होते.

अमेरिकेहून परतताना पॅसिफिक महासागरावरच्या विमानप्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या विमान-व्यावसायिकाशी पडली. बोलता बोलता हिंदुस्थानात विमाने बनवण्याची कल्पना निघाली. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखाना मनात घेऊन परतला. म्हैसूर संस्थान आणि त्याचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. युद्ध पेटलेले असल्याने विमाने सरकारलाही हवी होती. पण जपान जवळ येताच, एप्रिल १९४२ मध्ये, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला. आजची एचएएल ती हीच.

जहाजबांधणीचेही तसेच. विशाखापट्टणम येथे २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते गोदीची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि काम खोळंबले. अखेर १४ मार्च १९४८ रोजी जल-उषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. पुढे १९५२ मध्ये गोदीचा मोठा हिस्सा सरकारकडे गेला.

आणि मोटार? युद्धात विमान आणि जहाज सरकारला उपयोगाचे वाटले, मोटारीच्या कारखान्याला मात्र परवानगी आणि यंत्रसामग्री मिळेना. पोलाद नाही, डॉलर नाहीत, बोटीत जागा नाही, अशी उत्तरे येत राहिली. तीनही स्वप्नांत सर्वांत आधी पडलेले स्वप्न सर्वांत मागे राहिले.

कुर्ल्याचा कारखाना

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्याला आग्रा रोडच्या बाजूला कारखाना उभा राहिला. १९४७ पासून तेथून क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक बाहेर पडू लागले. सुरुवात पेट्यांतून आलेल्या भागांनीच झाली. त्याला इलाज नव्हता. पण करारामागचा हेतू वेगळा होता. आज पाटे येथे, उद्या गिअर येथे, परवा आस येथे, अशा पायऱ्यांनी इंजिनापर्यंत पोहोचायचे होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये सरकारने तयार गाड्यांच्या आयातीला आळा घातला. १९५३ मध्ये नियम आणखी कडक झाला: येथे टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याची योजना असेल त्यांनीच राहावे, नुसती जुळणी करणाऱ्यांनी आवरते घ्यावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स आपली दुकाने मिटून निघून गेल्या. वालचंदांचा कारखाना राहिला. डेट्रॉइटच्या ज्या दोन दरवाजांतून ते रिकाम्या हाताने परतले होते, ते दोन्ही दरवाजे आता हिंदुस्थानातूनच बंद झाले.

सगळे श्रेय वालचंदांचे, असे म्हणणे मात्र चूक ठरेल. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ सालीच स्थापन झाली होती. मद्रासकडे अशोक मोटर्स आली, जमशेदपूरला टाटांनी १९५४ मध्ये जर्मन मर्सिडीज-बेन्झच्या साह्याने ट्रक काढला आणि पुढे देशाचे रस्ते त्याच ट्रकने व्यापले. शिवाय जहाज, विमान, मोटार, साखर, बांधकाम ही सर्व ओझी एका माणसाने एकाच वेळी उचलल्याने भांडवलाची ओढाताण होई आणि भागीदार व भागधारक यांच्या तक्रारीही होत. एक काम पुरते रुळावर येण्याआधी दुसरे हाती घ्यायचे, हा त्यांचा स्वभाव होता. त्या स्वभावाचा लाभ देशाला झाला. सोबतच्या लोकांना मात्र त्याचा ताप सोसावा लागला.

बऱ्हाणपूरचे मालक काय सांगतात

आता आपल्या गावाकडे. युद्ध संपल्यावर सैन्याने मोडीत काढलेले अमेरिकन ट्रक लिलावात विकले गेले. त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. त्यांत डॉज होत्या, फोर्ड होत्या, शेव्हरोलेट होत्या. खानदेश-निमाडातल्या अनेक वाहतूकदारांचा धंदा अशाच गाडीवर सुरू झाला. त्यानंतर कुर्ल्याच्या नव्या डॉज आणि फार्गो येऊ लागल्या. जुन्या मंडळींपाशी बसल्यावर ज्या आठवणी निघाल्या, त्या एकत्र करून सांगतो.

कारखान्यातून नुसता सांगाडा मिळे: इंजिन, चाके, सुकाणू. चालक थंडी-वाऱ्यात उघड्यावर बसून तो घेऊन येई. मग सुतार सागवानी केबिन आणि हौदा बांधी, लोहार पट्ट्या ठोके, आणि पेंटर फाळक्यावर कमळ नाहीतर मोर काढी. त्यामुळे एकाच कारखान्याच्या दोन गाड्या कधी सारख्या दिसत नसत. अमेरिकन नावाच्या गाडीचा निम्मा देह बऱ्हाणपुरातच घडत असे.

गाडीचे नाक लांब. इंजिन केबिनच्या पुढे, त्यामुळे वैशाखातही चालकाच्या पायांना भट्टी लागत नसे. दुरुस्तीच्या वेळी मिस्त्री मडगार्डवर बसून बोनेटखाली हात घाली. सगळे काही हाताला सापडे. सकाळी गाडी नाखूष असली, की क्लीनर पुढून हँडल मारी. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. ज्याला ते जमले तो चालक, ज्याचे दाते कुरकुरले तो अजून शिकाऊ.

सुरुवातीच्या गाड्या पेट्रोलवर चालत. ओढ चांगली, आवाज कमी, पण खर्चाचे गणित जड. मग पर्किन्स या इंग्रज बनावटीची सहा सिलिंडरची डिझेल इंजिने आली. ती मद्रासला सिम्पसन कंपनी बनवू लागली. अमेरिकन नाव, इंग्रज इंजिन, मद्रासचे ओतकाम, कुर्ल्याची जुळणी आणि बऱ्हाणपूरचा हौदा, असा तो संसार होता. मालकांना तो विचित्र वाटला नाही. त्यांच्या लेखी ती फार्गो होती आणि आपली होती.

माल कोणता? जिनिंगमधून रुईच्या गाठी, लालबागच्या ताप्ती मिलचे आणि मागांचे कापड, सातपुड्यातले लाकूड आणि केळी. केळीची वाहतूक रात्रीची. हौद्यात केळीची पाने अंथरायची, घड रचायचे, ताडपत्री आवळायची आणि ऊन चढण्यापूर्वी जेवढी वाट कापता येईल तेवढी कापायची. इच्छापूरच्या बाजूने रावेर-मुक्ताईनगरकडे उतरणे सोपे. इंदूरकडे निघाले की असीरगडाचा घाट लागे. तेथे फार्गो पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढे. वेग बैलगाडीपेक्षा थोडा बरा, पण मध्येच बसकण मारणार नाही, असा तिच्यावर विश्वास होता. ओझे जास्त न्यायचे म्हणून मालक पाटे वाढवून घेत. कायद्याला ते धरून नव्हते, पण आम्ही ऐकले ते लिहिले.

फार्गोने कुणाला श्रीमंत केले नाही, असेही एक मालक सांगत होते. तिने मुलींची लग्ने लावली, मुलांना शिकवले, दोन खोल्यांचे घर बांधून दिले. त्यातल्या काहींची नातवंडे आज आपल्या समाजाच्या बालनाट्यात काम करतात.

अखेर

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. अखेरच्या आजारात पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. वय सत्तर. लॉयल्टीच्या पहिल्या सफरीला चौतीस वर्षे पुरी होऊन तीनच दिवस झाले होते.

तोपर्यंत विमानाचा कारखाना सरकारचा झाला होता, गोदी निम्म्याहून अधिक सरकारची झाली होती. कुर्ल्याची गाडी संपूर्ण स्वदेशी व्हायला अजून बराच अवकाश होता. पुढे त्याच कारखान्यातून इटलीच्या फियाटची मोटार निघाली, तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती सर्वांच्या ओळखीची झाली. आता तीही रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या जागेवर इमारती उभ्या आहेत.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापूरची वालचंद तंत्रशिक्षण संस्था त्यांच्या नावाने चालतात. आपल्या समाजातली मुलेही तेथे शिकून आली आहेत. २००४ साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. ग. दे. खानोलकरांनी त्यांचे विस्तृत चरित्र मराठीत लिहिले; ज्यांना अधिक वाचायचे आहे त्यांनी ते जरूर मिळवावे.

बैठकीतला प्रश्न अजून शिल्लक आहे. वालचंद मराठी की गुजराती? आम्हाला वाचताना असे दिसले, की वांकानेरहून आलेले घराणे सोलापूरच्या मातीत रुजले, पहिला भागीदार फाटक मिळाला, बोगदे सह्याद्रीत खणले, ऊस इंदापूरच्या माळावर लावला. घरची गुजराती त्यासाठी सोडावी लागली नाही. आपले पूर्वज तापीकाठी आले, त्यांनीही घरातली मराठी सोडली नाही आणि गावही परके मानले नाही. तेव्हा जो निकष आपण स्वतःला लावतो, तोच शेठजींना लावला तर ते आपले ठरतात. ज्यांनी शंका काढली होती, त्यांना आम्ही हा लेख छापण्यापूर्वी वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि त्यांच्या वडिलांकडेही डिसोटो होती, ही नवीच माहिती दिली!

एक विनंती करून थांबतो. आपल्या गणपतीच्या फार्गोवरच्या मिरवणुकीचे छायाचित्र आमच्या पाहण्यात अजून आलेले नाही. कोणाच्या घरी जुन्या अल्बममध्ये असे छायाचित्र, नाहीतर त्या काळच्या गाडीची कागदपत्रे, नाकावरची पितळी पाटी, हँडल, काहीही असेल, तर उत्सवाच्या दहा दिवसांसाठी कार्यालयात आणून द्यावे. मंडपात प्रवेशद्वाराच्या डाव्या बाजूला त्यासाठी एक टेबल राखून ठेवले आहे. वस्तू जपून परत केली जाईल. तो फोनवाला मुलगा यंदा स्वयंसेवक आहे आणि टेबल त्याच्याच ताब्यात आहे.

गणपती बाप्पा मोरया!